दर तासाला सतरा मिनिटांनी

श्रावणातला दुसरा आठवडा, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय, आणि साखळीहून बाबांचा फोन. घरात आम्ही कोकणी बोलतो, लिहिणं-वाचणं मात्र सगळं मराठीत, गोव्यातल्या कित्येक घरांत असतं तसं. तर बाबा म्हणाले, "अगो, ह्या कंप्युटराक कितें जालां तें पळय गो, म्हजें कांयच आयकना तो." म्हणजे याला काय झालंय बघ, माझं काहीच ऐकत नाही. आवाजात काळजी होती. बाबा सहसा असे फोन करत नाहीत, आधी स्वतः दोन दिवस खटपट करतात, मग सांगतात.

बाबा मराठी शाळेत मास्तर होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. वाड्यावरच्या भजनी मंडळाचं लिहिण्या-टायपायचं सगळं काम त्यांच्याकडे असतं. चवथीत, म्हणजे गणेशोत्सवात, घुमट हे मातीचं वाद्य घेऊन मंडळी घरोघर आरत्या म्हणत फिरतात, त्यांच्या हातात असते ती साठ पानांची पुस्तिका बाबांनी टाइप केलेली, दरवर्षी तीत चार नवीन पदं, दोन दुरुस्त्या. काही जुनी पदं तर आजोबांच्या वहीतून, शाई उडालेल्या पानांवरून अक्षर अक्षर लावून घेतलेली आहेत. ते सगळं त्या एका डेस्कटॉपवर. आणि चवथ चार आठवड्यांवर आलेली.

झालं काय होतं, तर ब्राउझर उघडला की गूगलच्या जागी कुठलंतरी भलतंच सर्चचं पान यायचं, काही शोधलं की ते आधी त्या पानावर, तिथून आणखी कुठेतरी आणि मग भलतेच रिझल्ट. रोजच्या मराठी पेपरच्या साइटवर बातमीच्या मधोमध कधी न दिसलेल्या जाहिराती, शब्दांच्या खाली हिरव्या रेघा, त्यावर माउस गेला की खिडकी. उजव्या कोपऱ्यात खाली टुण्णकन् चौकोन यायचा, तुमच्या कंप्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत, इथे क्लिक करा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाबा देवळात गेलेले असताना आईनं रेसिपी बघायला कंप्युटर उघडला तर पूर्ण स्क्रीन लाल, भोंगा वाजायला लागला, एक बाई इंग्रजीत बोलतेय की कंप्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा. आई घाबरून शेजारच्या वहिनींना बोलावून आली. त्यांनी मेन स्विच बंद केला. फोन केला नाही हे नशीब.

या लाल पानाबद्दल आधीच सांगते कारण बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. ते नुसतं एक वेबपान असतं, भोंग्यासकट, कंप्युटरमध्ये त्या क्षणी काही घुसलेलं नसतं. एस्केप दाबून धरा, फुल स्क्रीन सुटतं, मग खिडकी बंद करा, नाहीच झाली तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि परत उघडल्यावर आधीची पानं रिस्टोअर करायला विचारलं तर नाही म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. तो नंबर फिरवला की पलीकडचा माणूस गोड बोलून तुमच्याकडून कंप्युटर दुरून चालवायचं रिमोटचं अ‍ॅप घालून घेतो आणि मग बँकेपर्यंत पोचतो. कुणी फसलंच असेल तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, तो सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता यायची शक्यता जास्त. आईच्या टेलिफोनच्या डायरीत मी तो पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

जवळच्या दुकानात बाबांनी विचारलं तर उत्तर आलं, फॉरमॅट मारूया, दुसरा इलाज नाही. आपल्याकडे कंप्युटरला ताप आला तरी फॉरमॅटच मारतात. मी म्हटलं अजिबात नाही, मी शनिवारी येते. फॉरमॅट वाईट असं नाही, कधीकधी तेच करावं लागतं, पण ज्या माणसानं चौदा वर्षं बसून पदं टाइप केलीत त्याच्या फायलींची आधी चौकशी न करता फॉरमॅटचं बोलणं मला पटत नाही. आणि फॉरमॅट करून परत तेच सॉफ्टवेअर घातलं तर परत तेच होणार, कारण कुठून आलं ते कुणी बघितलेलंच नाही.

शनिवारी पर्वरीहून डिचोलीमार्गे घरी पोचले तेव्हा बाबांनी कंप्युटरवरची कापडी खोळ काढून, पुसून ठेवलेला होता, डॉक्टर येणार म्हणून पेशंटला तयार ठेवतात तसा. पहिलं काम केलं ते बॅकअपचं. पेन ड्राइव्हवर फक्त डॉक्युमेंटं आणि फोटो घेतले, कुठलीही सेटअपची फाइल नाही, ती घेतली तर आजारच बरोबर घेऊन जाल. मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडली आणि नावावर न जाता तारखेप्रमाणे लावली. ही युक्ती लक्षात ठेवा कारण या सॉफ्टवेअरांची नावं फार सभ्य असतात, कुणी पीडीएफ हेल्पर, कुणी वेदर, कुणी ऑप्टिमायझर, नावावरून कळतच नाही, पण तारीख लपत नाही. एका मंगळवारी दुपारी चार सॉफ्टवेअर पाच मिनिटांत आलेली. माणूस पाच मिनिटांत चार सॉफ्टवेअर घालत नाही. चारही काढली.

कोपऱ्यातले टुण्णकन् येणारे चौकोन म्हणजे तर व्हायरससुद्धा नव्हे, ती साइटच्या नोटिफिकेशनची परवानगी असते. तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा असं लिहिलेलं पान आलं असणार आणि बाबांनी सरळ मनानं दाबलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे अकरा अनोळखी साइट बसलेल्या, सगळ्या उडवल्या. तेवढ्यानं निम्मा गोंगाट थांबला. मग असली सॉफ्टवेअर शोधून काढणारा अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर चालवला. फुकट आहे, छोटा आहे, एका फ्रेंच माणसानं सुरू केलेला आणि २०१६ पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. घ्यायचा तो त्यांच्याच साइटवरून, कारण त्याच्याही नावानं खोट्या साइट आहेत. त्यानं बऱ्याच वस्तू पकडल्या, साफ केल्या, रीस्टार्ट झाला.

ब्राउझरमध्ये मात्र एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, राहिलंच, काढलं तरी परत यायचं. मी विचार केला क्रोमच काढून टाकू, परत घालू, विषय संपेल. काढला, घातला, बाबांच्या अकाउंटनं लॉगिन केलं, आणि दहा सेकंदांत तेच पान, तेच एक्स्टेंशन परत हजर. हे मात्र मला तिथल्या तिथे कळलं, सिंक. बुकमार्क परत येतात तशाच एक्स्टेंशन आणि सुरुवातीची पानंही अकाउंटमधून परत उतरतात, म्हणजे घर झाडून काढलं पण कचरा गाठोड्यात बांधून माळ्यावर ठेवलेला. मग बुकमार्क आणि पासवर्ड आधी बाहेर काढून ठेवले, दुसऱ्या मशीनवरून अकाउंटच्या सिंकच्या पानावर जाऊन तिथे साठवलेला सगळा डेटा पुसला आणि बाबांच्या मशीनवर सिंक बंद ठेवून क्रोम परत घातला. यावेळी कोरा आला. संध्याकाळी लाइट गेली, इन्व्हर्टर फक्त पंख्याला, म्हणून तेवढ्यावर उठले, जेवले, निघाले. वाटलं झालं.

सोमवारी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकत मी पाव घ्यायला गेटवर उभी, तेवढ्यात फोन. परत सुरू झालं म्हणून.

मला खरंच राग आला, आणि राग कंप्युटरचा नव्हे, ज्यांनी हे लिहिलं त्यांचा. आणि स्वतःचंही वाईट वाटलं की बाबांना सांगून आले होते, आता निर्धास्त टाइप करा. मंगळवारपर्यंत विचार करत होते. आमच्या जुन्या घरात दाराच्या चौकटीला वाळवी लागायची, आजी मातीची ती रेघ झाडूनं खरवडून काढायची, दोन दिवसांनी रेघ तिथेच. कारण वाळवी रेघेत नसते, रेघ हा नुसता तिचा रस्ता, वाळवी जमिनीत असते. मी शनिवारी सगळ्या रेघा खरवडून आले होते. जे हे सगळं परत आणतंय ते मी शोधलंच नव्हतं.

आणि ते सापडलं ते बाबांमुळे, हे मला या सगळ्यात सगळ्यात जास्त सांगायचंय.

पुढच्या आयतारी, म्हणजे रविवारी, गेले तर बाबांनी शाळेतली टाचणवही काढली. मास्तरांची सवय, रोजचं टाचण काढायचं, ती अजून सुटलेली नाही. त्यात निळ्या शाईनं आखून तीन रकाने, वार, वेळ, काय झालं. सोमवार, ९:१७, जाहिरातीचं पान आपोआप उघडलं. १०:१७, तेच. ११:१७, तेच, मी वर्डमध्ये टाइप करत होतो, इंटरनेट उघडलेलं नव्हतं. दुपारी बंद. ४:१७. ५:१७. मंगळवार, ९:१७. बुधवारी एका ओळीखाली दोनदा रेघ मारून लिहिलेलं, सकाळी ९:४० ला सुरू केला, सुरू केल्यावर थोड्या वेळात एकदा आलं, मग १०:१७.

मी वही बघून गप्पच झाले. इतकी वर्षं मी कंप्युटरवर काम करते, पण मला हे सुचलं नव्हतं की वेळ लिहून ठेवावी. ब्राउझर बंद असताना येतंय म्हणजे ब्राउझरमधलं नाही. घड्याळ लावल्यासारखं दर तासाला सतराव्या मिनिटाला येतंय म्हणजे कुणीतरी खरंच घड्याळ लावलंय. आणि विंडोजमध्ये घड्याळ लावायची मुख्य जागा म्हणजे टास्क शेड्यूलर. लॅपटॉपवर काही चुकलं की आपण धडाधड टूल चालवत सुटतो आणि हे म्हातारे गृहस्थ शांतपणे बसून वहीत वेळा मांडत होते.

स्टार्टमध्ये टास्क शेड्यूलर लिहिलं की उघडतं. डावीकडे लायब्ररी, मधे यादी. क्रोमची, प्रिंटरची, अशी खरी कामंही त्यात असतात त्यामुळे दिसेल ते उडवायचं नाही. एकेका ओळीवर क्लिक केलं की खाली तपशील येतो, त्यात ट्रिगर्स म्हणजे कधी चालणार आणि अ‍ॅक्शन्स म्हणजे काय चालणार. सातव्या ओळीवर होतं ते. नाव अपडेटरसारखं, पुढे दहाबारा अक्षरं-आकड्यांचा काला. ट्रिगरमध्ये लिहिलेलं, सुरुवात त्या मंगळवारी दुपारी ४:१७, त्यानंतर दर एका तासानं, कायमचं. आणि वेळ चुकली तर नंतर शक्य तितक्या लवकर चालवा यावर खूण. म्हणजे बुधवारची ९:४० ची ओळ. बाबांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि वहीवर बोट ठेवलं, काही बोलले नाहीत.

अ‍ॅक्शनमध्ये एका स्क्रिप्टचा पत्ता होता, यूजरच्या फोल्डरमध्ये अ‍ॅपडेटा, त्यात रोमिंग, त्यात कसल्याशा नावाचं फोल्डर. अ‍ॅपडेटा एरवी दिसत नाही, फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू खाली हिडन आयटम्सवर खूण करावी लागते. स्क्रिप्टचं काम इतकंच, तासातासाला नेटवर जाऊन नवीन माल उतरवायचा आणि पान उघडायचं. शनिवारी मी टूलनं जे काढलं ते त्यानं त्याच रात्री परत आणून ठेवलं असणार.

आता क्रम सांगते कारण क्रम चुकला की परत पहिल्यापासून. सगळ्यात आधी वायफाय बंद, म्हणजे पाहुण्याला बाहेरून रसद नको. मग टास्क डिलीट. मग ते फोल्डर डिलीट करायला गेले तर विंडोज म्हणालं फाइल वापरात आहे, म्हणून शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि चार नंबर दाबून सेफ मोड. सेफ मोडमध्ये फक्त गरजेपुरतं चालतं, त्यामुळे फोल्डर निमूट गेलं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये त्याचाच एक भाऊ होता, तोही बंद. कुणाला यात आणखी खोल जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट टूल आहे, विंडोज सुरू होताना काय काय चालतं ते सगळं एका जागी दाखवतं, पण त्यात प्रत्येक ओळ समजून घेतल्याशिवाय खूण काढू नका.

मग ते एक्स्टेंशन. शनिवारच्या कोऱ्या क्रोममध्ये ते परत येऊन बसलेलं, यावेळी तर रिमूव्हचं बटणच गायब, आणि क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत अगदी खाली लिहिलेलं, मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन. बाबांनी विचारलं, कसली ऑर्गनायझेशन, मी तर निवृत्त झालो. त्यांचा प्रश्न बरोबर होता. ऑफिसमध्ये शेकडो कंप्युटर असतात तिथे कंपनीला सगळ्यांवर एकच नियम लावता यावा म्हणून क्रोममध्ये पॉलिसीची सोय आहे, आणि अ‍ॅडवेअर, म्हणजे हे असलं जाहिराती दाखवायला घुसलेलं सॉफ्टवेअर, तीच सोय वापरतं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, नियम लिहून ठेवतं की हे एक्स्टेंशन सक्तीचं आहे. मग घरचा मालक असूनही तुम्हाला ते काढता येत नाही. अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, मग कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं लिहिलं की कुठले नियम लावलेत ते दिसतं, घरच्या कंप्युटरवर सहसा ते पान रिकामं असतं. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम इथपर्यंत गेले, आधी एक्सपोर्ट करून प्रत ठेवली, मग ती क्रोमची नोंद (तिला 'की' म्हणतात) उडवली. करंट यूजरखालीही तसंच बघायचं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र याला हात लावू नका, तिथे ती ओळ खरी असते.

एक जागा मी जवळजवळ विसरले होते. डेस्कटॉपवरचं क्रोमचं चित्र ठीक होतं पण खालच्या पट्टीवर पिन केलेलं होतं त्यातून उघडलं की परत तेच सर्चचं पान. राइट क्लिक, मग गूगल क्रोम या नावावर परत राइट क्लिक, प्रॉपर्टीज. टार्गेट नावाच्या चौकटीत प्रोग्रामचा पत्ता असतो, तो सहसा एक्सई आणि अवतरणचिन्हावर संपतो. चौकट छोटी, पत्ता लांब, त्यामुळे शेवट दिसत नाही, कर्सर ठेवून एंड दाबलं तेव्हा दिसलं, चिन्हानंतर एक जागा सोडून त्या साइटचा पत्ता चिकटवलेला. इतकी साधी गोष्ट. कुठलाही अँटिव्हायरस घाला, माणूस त्याच चित्रावर क्लिक करणार आणि त्याच पानावर जाणार. तेवढा तुकडा पुसला. प्रॉक्सीचं सेटिंगही बघून घेतलं, ते बंद होतं, बरं झालं, काहीजणांकडे ते चालू करून सगळं इंटरनेट स्वतःमधून फिरवलेलं असतं.

यानंतर क्रोम रीसेट केला, वायफाय चालू केलं, अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर परत, आणि शेवटी विंडोज सिक्युरिटीतला ऑफलाइन स्कॅन, तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात. तोवर आईनं चहा आणि पातोळ्या आणल्या. हळदीच्या पानाचा वास सगळ्या खोलीत.

मग आम्ही बसलो वाट बघत. सव्वापाच झाले. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या. ५:१७. ५:१८. काही नाही. बाबा म्हणाले आणखी एक बघूया, तोवर निघू नकोस. ६:१७ लाही काही नाही. मग निघाले.

हे आलं कुठून ते आम्ही त्याच दिवशी शोधलं, डाउनलोड्स फोल्डर तारखेनं लावून. त्या मंगळवारी दुपारी ४:१४ ला एक सेटअप उतरवलेला, नावात मराठी, टायपिंग, ऑफलाइन, फुल. बाबांचं जुनं टायपिंगचं टूल चालेनासं झालं म्हणून त्यांनी गूगलचं इनपुट टूल शोधलं. ते विंडोजवर ऑफलाइन चालणारं टूल गूगलनं द्यायचं कधीच बंद केलंय, पण लोक अजून शोधतात, आणि ते शोधणारे कोण, तर बाबांसारखेच, पत्रिका, आरत्या, वर्गणीच्या याद्या, नाटकाच्या संहिता टाइप करणारे. त्या शोधावर टपून बसलेल्या अनोळखी साइट आहेत. पानावर चार मोठी हिरवी डाउनलोड बटणं, त्यातली तीन जाहिराती. सेटअप सुरू झाला की रेकमेंडेड आणि कस्टम असं विचारतात, रेकमेंडेड आधीच निवडलेलं, आणि कस्टममध्ये गेलं तरच दिसतं की बरोबर आणखी चार वस्तू खुणा करून ठेवल्यात. दर इन्स्टॉलमागे त्या साइटवाल्याला पैसे मिळतात, आणि नंतर तुमचं प्रत्येक सर्च वळवून, प्रत्येक जाहिरात दाखवून पुढच्याला.

बाबा म्हणाले, माझीच चूक, मी नीट वाचलं नाही. मला ते ऐकवलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना नीट वाचायला शिकवलं त्याला फसवायलाच ते पान बनवलंय, तेही इंग्रजीत, बारीक अक्षरात. आणि फसणारे काही फक्त वयस्क नाहीत. लेनोवोसारख्या मोठ्या कंपनीनं काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर विकतानाच घातलेलं, ते २०१५ च्या फेब्रुवारीत गाजलं, त्यानं सुरक्षित साइटचं कुलूपसुद्धा पोकळ करून ठेवलेलं. २०१७ मध्ये फायरबॉल नावाचं अ‍ॅडवेअर निघालं, चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं अंदाज सांगितला जगभर २५ कोटी कंप्युटर, मायक्रोसॉफ्टनं म्हटलं आकडा फुगवलाय, पण हे असंच फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून आलं होतं यात दुमत नव्हतं. घरच्यांना ओरडू नका एवढंच म्हणते. ओरडलं की पुढच्या वेळी ते सांगत नाहीत, लपवतात, आणि मग खरंच बँक रिकामी होते.

टायपिंगचा प्रश्न तर सुटायलाच हवा होता, नाहीतर ते परत शोधायला जाणार. आणि त्याचं उत्तर कंप्युटरमध्येच होतं! विंडोज टेनमध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, इलेव्हनमध्येही. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, तिथे मराठी जोडायची, तिच्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड जोडायचा, मग विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. ज्यांना इन्स्क्रिप्ट हा सरकारी मराठी कीबोर्ड येतो त्यांच्यासाठी तो आधीपासूनच आहे. काहीही डाउनलोड करायची गरज नाही, एक रुपया नाही, एक अनोळखी साइट नाही. बाबांनी इंग्रजी अक्षरं दाबून पहिल्यांदा स्वतःच्या गावाचं नाव लिहिलं, मग आईचं. मग म्हणाले हे आधी कुणी सांगितलं का नाही. म्हणून तर हे सगळं लिहायला बसले, तुमच्या घरी कुणी मराठी टाइप करत असेल तर आजच हे दाखवा.

बाकी बंदोबस्त पटापट सांगते. बाबांचं अकाउंट स्टँडर्ड केलं, अ‍ॅडमिनचं वेगळं, त्याचा पासवर्ड टाचणवहीच्या मागच्या पानावर, म्हणजे काही घालायचं झालं तर थांबून वही उघडावी लागते. विंडोज सिक्युरिटीत अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, त्यात रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन, त्यात पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग हे चालू केलं, ते काहीजणांकडे बंद असतं आणि अशा अर्धवट चोरांसाठी तेच आहे. ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन लाइट हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन घातलं, खोटी डाउनलोड बटणं बरीचशी दिसतच नाहीत. मेल आणि बँकेचे पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलले, बाबांच्या मशीनवरून नाही. आरत्यांच्या फायलींची एक प्रत माझ्याकडे, एक मंडळाच्या खजिनदाराकडे. विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तो संपणार हेही बाबांना तेव्हाच सांगितलं, चवथ झाल्यावर नवीन मशीन बघायचं ठरलं.

चवथीला घरी गेले. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधून झालेली, पुस्तिका छापून आलेली, नव्या चार पदांसकट, आणि पोरं घुमटं तापवत होती. कंप्युटरवर खोळ घातलेली, बाजूला टाचणवही. सहज उघडली. मी निघाले त्यानंतरच्या ओळी होत्या. सोमवार, ९:१७, काही नाही. १०:१७, काही नाही. असं पूर्ण आठ दिवस, एकही तास न चुकवता, तीन रकाने आखून. नवव्या दिवशी पान कोरं, आणि त्याच्या पुढच्या पानापासून पदांच्या दुरुस्त्या सुरू.